मागनं आणलेला माल

आधीच सांगतो, मला त्या नेटचा राग हाय. आजबी हाय. तवा गोष्ट ऐकून शेवटी म्हाताऱ्याचं डोळं उघडलं, म्हातारा सुधारला, असलं काही ऐकायची हौस असंल तर आत्ताच उठून जावा.

मी बबनराव. दौंडात रेल्वे लायनीच्या अलीकडं आमची वस्ती हाय, शंभर-सव्वाशे घरं, मधी बुद्धविहार. रेल्वेच्या शेडमधी फिटर म्हणून अडतीस वर्षं काढली आन् दोन हजार तीनला रिटायर झालो. वस्तीत लहान-थोर सगळी मला आप्पा म्हणत्यात. ह्या वस्तीत एकोणऐंशी सालापासून माझ्याबिगर कुणी काही इकत घेतलं न्हाई. मीठ-मिरची सोडा. पण पंखा, मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, लग्नातली भांडी, काहीबी घ्यायचं झालं की लोक दारात यायचे, "आप्पा, जरा संगं चला." मी सदरा बदलायचो आन् निघायचो. पुतळाबाईनं तर जावई बघायलासुद्धा मला नेलं व्हतं. मी पोराचा हात हातात घेतला, जरा दाबून बघितला, पंजा मजबूत लागला, म्हणलं चालंल. अजून चालतोय तो. ह्या सगळ्यात दलाली म्हणून एक पैसा घेतला न्हाई, आन् घेतला असं कुणी म्हणलं तर त्याची जीभ हासडीन.

माझी तपासायची रीत ठरलेली. वस्तू आधी उचलायची. जड लागली म्हंजी आत लोखंड-तांबं हाय, हलकी लागली म्हंजी नुसता डबा. मग बोटाच्या पेरानं ठोकायची. मग चालू करून पाच मिनिटं थांबायचं आन् वास घ्यायचा. जळका वास आला की परत. एवढं झालं की मी मान हलवायचो आन् तिथून पुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

दुकानबी ठरलेलं. बाजारपेठेतलं जुनं दुकान, रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं मिळतं तिथं. नाव कशाला घेऊ, शेठ म्हणू. ह्या शेठच्या वडलांच्या दुकानात माझा बाप कंदील घ्यायला जायचा, तवा पायरीच्या खाली उभा राहायचा. पैसे पायरीवर ठेवायचा, वरनं कंदील ठेवला जायचा. मी लहानपणी हे डोळ्यांनी बघितलंय. आन् एकोणऐंशी साली मी रेल्वेच्या खाकी कपड्यात पंखा घ्यायला गेलो, तवा ह्या शेठनं नोकराला सांगून मला खुर्ची दिली. चहा मागवला. कपातनं, त्याच्याच कपासारख्या कपातनं. मी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं. तिथून पुढं मी तीस वर्षं दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. वस्तीला घेऊन त्याच दुकानात जायचं, खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा. शेठ नोकराला वरडून सांगायचा, "आप्पांसाठी मागनं आण रे." पुढं काचेत मांडलेला माल येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, आन् आपला माल मागच्या खोलीत राखून ठेवलेला. मी वस्तीत छाती फुगवून सांगायचो, आपल्याला काचेतलं देत न्हाई तो, खास मागनं काढून देतो.

तर अशी माझी पत व्हती. पोराबाळांपेक्षा तिला जास्त जपलं मी. खोटं कशाला बोलू.

आन् मग ही नेटवाली पोरं आली.

पहिला दगड मारला संघर्षनं. आमच्याच गल्लीतलं पोर, कॉलेजात जाणारं. एक दिवस खिशातनं मोबाइल काढून दाखवायला लागला. मी इचारलं, कवा घेतला? म्हणला, काल. कुणाला नेलं व्हतं संगं? म्हणला, कुणाला न्हाई, नेटवर बघून गेलो व्हतो. मी हातात घेऊन बघितला, चिमणीच्या पिलाएवढं वजन न्हाई. म्हणलं, पावसाळाबी काढायचा न्हाई हा. तो हरामखोर मोबाइल दोन पावसाळे चालला. संघर्ष मला बघितलं की मुद्दाम त्याच्यावर गाणं लावायचा.

मग कळलं की एकटा संघर्ष न्हाई, कॉलेजातली सगळी पोरं हेच करत्यात. आन् त्यात पुढं कोण, तर माझीच नात. गौतमी. माझी पोरगी करुणा वरवंडला दिलीय, जावई सतीश सणसवाडीला कंपनीत हाय. त्यांची ही थोरली, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजासाठी माझ्याकडं राहायला. नात असली तरी वस्तीसारखंच आप्पा म्हणती मला. हिच्या मैत्रिणीला कॅल्क्युलेटर घ्यायचाय, हिला इचारा. कुणाला पेन ड्राइव्ह, कुणाला भावासाठी कॅमेरा, हिला इचारा. ही तासाला वीस रुपये मोजून नेटवर बसणार, वहीत लिहून आणणार, आन् पोरं ती वही घेऊन दुकानात जाणार. माझ्याच घरात बसून माझाच धंदा बसवत व्हती ती. धंदा म्हणलो, पण पैसा न्हाई घेतला मी, ते ध्यानात ठेवा.

मी ठरवलं की हे थेर एकदा डोळ्यांनी बघायचं. स्टेशनसमोर झेरॉक्सच्या दुकानावर वरच्या मजल्याला ते सायबर कॅफे. जिना चढून गेलो. प्लायवूडच्या फळ्या लावून कोनाडे केलेले, एकेका कोनाड्यात एकेक डोकं. मला बघून तीन डोकी खाली वाकली आन् मागच्या जिन्यानं पसार झाली. मालकानं हात जोडले. म्हणला, काका, इथं तसलं काही चालत न्हाई. मी म्हणलं, मी पाहणीला आलोय. त्यानं रजिस्टर पुढं केलं, नाव, पत्ता, काम काय. मी कामाच्या रकान्यात 'पाहणी' असं लिहिलं आन् खाली सही केली. त्यानं मला थंड पाणी दिलं आन् पंखा माझ्याकडं फिरवला.

गौतमी कोपऱ्यात बसली व्हती. मला वाटलं घाबरंल. ती म्हणली, बरं झालं आलात, बसा. आन् दाखवायला लागली. एकेका वस्तूचं पान, आन् खाली लोकांनी लिहिलेलं. कोण कुठला कोइमतूरचा माणूस लिहितोय की दोन महिन्यांत ह्याचा पंखा आवाज करतो. कोण पाटण्याची बाई लिहिती की माझा तर गपगार चालतोय. मराठी एक न्हाई त्यात. मी म्हणलं, अगं, ओळख ना पाळख, असल्या माणसांवर इश्वास ठेवून तू खरेदी करणार? ह्याचं गाव कुठलं, हा कुणाचा कोण, काही ठावं हाय का तुला?

"म्हणूनच ठेवते, आप्पा," ती म्हणली. "त्याला मी कोण ते ठावं न्हाई. दुकानात शेठ आधी माझ्याकडं बघतो, आन् मग मला कोणती वस्तू दाखवायची ते ठरवतो. इथं समद्यांना एकच वस्तू दिसती."

मला ते पटलं न्हाई. मी म्हणलं, एवढं जर हाय तर तिथंच घ्या की, दुकानात कशाला जाता मग झक मारायला? तर म्हणली, तिथं घ्यायला बँकेचं कार्ड लागतं, ते काय आमच्या बापानं दिलंय का. आन् बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं? भांडायला दुकान पाहिजेच. म्हंजी बघा पोरांचा हिशेब. शिकायचं नेटवर आन् भांडायचं दुकानात. मी तणतणत जिना उतरलो.

ही सगळी दोन हजार आठची गोष्ट. त्या दिवाळीत सतीशला बोनस मिळाला आन् करुणाचा वरवंडहून फोन आला की पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. आमच्या वस्तीतला पहिला घरचा कॉम्प्युटर. करुणा माझी पोरगी, तिनं स्पष्ट सांगितलं, आप्पांना नेल्याबिगर जायचं न्हाई. मला इतका आनंद झाला की मी सकाळीच दाढी केली. वस्तीतली दहा माणसं दारात येऊन गेली, आप्पा, आज कॉम्प्युटर म्हणं. मी म्हणलं, व्हय, बघू, नीट बघूनच घेऊ. कॉम्प्युटर कसा ठोकायचा ते मला ठावं न्हवतं, पण ठोकून बघितल्याबिगर घेणार न्हवतो.

निघताना गौतमी चपला घालता घालता म्हणली, "आप्पा, तुम्ही चला. पण तिथं बोलू नका."

मला. तीस वर्षं ज्याच्या मानेवर वस्तीची खरेदी झाली त्याला म्हणती बोलू नका. माझं डोकंच फिरलं. रस्त्यानं मी तिच्या चार पावलं पुढं चाललो.

दुकानात शिरलो तशी शेठची हाक, या आप्पा. खुर्ची आली, चहा आला. गौतमी उभीच. तिला खुर्ची न्हवती, आन् मला त्या वेळी ते खटकलंबी न्हाई. शेठनं मला इचारलं, काय सेवा? मी म्हणलं, नातीला कॉम्प्युटर. छान छान म्हणला, आन् तिच्याकडं न बघता नोकराला वरडला, "आप्पांसाठी मागनं आण रे कॉम्प्युटर." नोकरानं दोन खोकी आणून ठेवली. एकातनं मोठा दांडगा मॉनिटर निघाला, पाठीमागं हे एवढं पोट आलेला. मी चहा खाली ठेवला, उठलो, दोन्ही हातांनी उचलून बघितला. कमरेत कळ आली. माल असावा तर असा. ठोकला, आवाजबी भरीव. मी खूश होऊन परत चहा उचलला.

गौतमीनं वही उघडली. तिनं काय काय इचारलं ते मला सगळं कळलं न्हाई, पण प्रोसेसर कोणता, रॅम किती, अशी ती वहीवर बोट ठेवून एकेक इचारत गेली. आन् शेठ उत्तर मला देत गेला. इचारायची ती, सांगायचा मला. आप्पा, ह्यात सगळं हाय. आप्पा, पोरगी हुशार हाय हो तुमची. आप्पा, एवढं लागत न्हाई कॉलेजाला. मग तिनं काचेतल्या एका पातळ मॉनिटरकडं बोट केलं आन् म्हणली, मला तो पाहिजे, आन् नवा प्रोसेसर पाहिजे. हे जुनं झालं, नेटवर ह्याचं पानसुद्धा राहिलं न्हाई.

शेठ हसला. म्हणला, नेटवर काय, कुणीबी उठतं आन् काहीबी लिहितं. आन् माझ्याकडं वळून म्हणला, "आप्पा, तुम्हीच सांगा हिला. अनुभव तुमचा."

आन् मी सांगितलं. गप बसायला पाहिजे व्हतं, पण चहा हातात, शेठ माझ्या तोंडाकडं बघतोय, दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं ऐकत्यात. मी घसा साफ करून म्हणलं, गौतमे, वजन बघ जरा. ते पातळ काय पापडासारखं, उद्या मोडंल. आन् शेठ आपल्याला फसवायचे न्हाईत, तीस वर्षांचा संबंध हाय.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. चार माणसांत तिच्या आजानं तिला खोटं पाडलं. ती वही मिटंल आन् ते धूड घेऊन गप घरी येईल असं मला वाटलं, आन् कबूल करतो, मला बरंबी वाटलं.

ती खाली बसली. फरशीवर, उकिडवी. खोकं फिरवलं, आडवं केलं, खालची बाजू वर केली आन् बोट ठेवून म्हणली, "आप्पा, तुम्ही शेडमधी काम केलंय. एवढा शिक्का वाचा."

मी चष्मा लावला. मार्च दोन हजार पाच. साडेतीन वर्षं. आन् खोक्यावरची चिकटपट्टी एकदा फाडून परत लावलेली, जुन्या पट्टीचा डिंक खाली तसाच पिवळा पडलेला. कुणीतरी नेऊन परत केलेला माल व्हता तो.

आता ऐका. शेडमधी मी साधा बोल्ट घेताना शिक्का बघायचो. ब्रेकचा पार्ट आला तर कुठल्या कारखान्यातला, कोणत्या महिन्यातला, कुणी पास केला, सगळं वाचल्याबिगर हात लावायचो न्हाई. एकदा एका साहेबानं तारीख उलटलेला माल बसवायला सांगितला तर मी पाना खाली ठेवला व्हता. मेमो खाल्ला, पण बसवला न्हाई. असा मी. आन् ह्या दुकानात तीस वर्षांत एकदा, एकदासुद्धा खोकं उलटं करून बघितलं न्हाई. कसं बघणार, हातात चहा असायचा.

मी शेठला म्हणलं, माल लई जुना दिसतोय. मला वाटलं ओशाळंल. तो ओशाळला न्हाई, हाच तर सगळा घात. खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखा बोलला.

"आप्पा, तुमच्या लोकांचा मला कधी त्रास न्हाई. पुढचं गिऱ्हाईक किरकिर करतं, त्याला नवंच द्यावं लागतं. तुम्ही काढून दिलं ते निमूट नेता. म्हणून तर तुमचा मान ठेवतो मी."

त्यानं कौतुकच केलं व्हतं माझं. आजबी मला वाटतं, त्याला त्यात काही वाईट बोललोय असं वाटलंच न्हाई. पण माझ्या अंगातनं वारं गेलं. कुणाकुणाच्या घरात काय काय 'मागनं' आणलेलं हाय ते सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. घराघरांत कुरकुरणारे पंखे. गिताबाईचा टीव्ही, ज्याच्यात पहिल्या महिन्यापासनं माणसांची तोंडं हिरवी दिसायची आन् मी म्हणायचो अँटेना फिरव. मी एक पैसा घेतला न्हाई म्हणून मिरवत व्हतो. घेतला असता तर बरं, निदान चोर तरी म्हणता आलं असतं. माझ्या एका खुर्चीचं आन् एका कप चहाचं भाडं आख्खी वस्ती भरत व्हती, आन् मी त्या खुर्चीत बसून मान हलवत व्हतो.

मी उठलो. कप सांडला, शेठच्या गादीवर डाग पडला, पडू दे. तीस वर्षांच्या शिव्या एकदम तोंडात आल्या आन् कोणती आधी सोडावी तेवढ्यात गौतमीनं माझी बाही धरली.

"आप्पा, भांडण नंतर करा. मला आधी वॉरंटी कार्ड पाहिजे."

काय म्हणावं ह्या पिढीला. इथं माझी इज्जत चालली, बापाची पायरी डोळ्यांपुढं आली, आन् हिला कार्ड पाहिजे. पण तिनं जे केलं ते बघण्यासारखं व्हतं. तिची मैत्रीण शितल केंदूरची, त्या दिवशी ती ठरवून शिरूरच्या एका दुकानात उभी व्हती. गौतमीनं फोन लावला, स्पीकर चालू केला. तिकडनं शितलनं तिथल्या दुकानदाराच्याच तोंडून भाव वदवला, नव्या मालाचा, पातळ मॉनिटरसकट. सगळ्या दुकानानं ऐकला. गौतमी शेठला म्हणली, काका, शिरूर काय लांब न्हाई, पण मला इथंच घ्यायचंय. ह्या भावात काचेतला देताय का? आवाज चढवला न्हाई, काही न्हाई. त्या वेळी शेठनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं. बघावंच लागलं, उत्तर तिला द्यायचं व्हतं.

काचेतला निघाला. तिनं खोकं तिथंच फोडायला लावलं, शिक्का वाचला, जोडून चालू करून बघितलं, नंबर बिलावर लिहून घेतले, कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतला. दीड तास लागला. नोकरानं खुर्ची परत माझ्याकडं सरकवली. मी दीड तास उभा राहिलो. गुडघ्यांनी बोंब मारली, पण टेकलो न्हाई. शिव्या मात्र राहून गेल्या त्या गेल्याच. घरी आल्यावर आठवल्या, एकापेक्षा एक चांगल्या.

वस्ती कॉम्प्युटर बघायला आली. तात्याबा म्हणला, आप्पांनी निवडला म्हंजी काय इचारायलाच नको. गौतमी वायरी गुंडाळत राहिली. तिनं मला उघडं पाडलं न्हाई, हे मला जास्त लागलं. मी घराबाहेर जाऊन उभा राहिलो.

दोन दिवस मी कुणाच्या दारात गेलो न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी साखरबाईकडं गेलो. साखरबाई विधवा बाई, मसाले करून इकती. बारा वर्षांपूर्वी मीच तिला मोठा मिक्सर घेऊन दिला व्हता, वजन बघून. घेतल्यापासनं चौथ्या महिन्यात जळाला. मोटरची तार नव्यानं भरून आणली, परत जळाला. दुसऱ्या खेपेला तिच्या पोराच्या फीचे पैसे त्यात गेले, मला ठावं हाय. तवा मी तिला म्हणलो व्हतो की तू ओली मिरची घातली असशील.

मी दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. मागची खोली, शिक्का, चहा. म्हणलं, साखरबाई, तू मिरची ओली घातली न्हवतीस. मिक्सरच जुना व्हता. मी बघितला न्हाई. बोलताना माझा आवाज फाटला, आन् पासष्टीच्या माणसाला आवाज फाटल्यावर कुठं तोंड लपवावं ते कळत न्हाई.

ती चाळणी फिरवत व्हती. फिरवायची थांबली न्हाई.

"ठावं हाय, आप्पा. मोटर भरणाऱ्यानं पहिल्याच खेपेला सांगितलं व्हतं, ही एकदा भरलेली हाय म्हणून."

मी म्हणलं, म्हंजी बारा वर्षं? आन् मग पंखा घ्यायला मला परत का नेलंस? तर ती म्हणली, मी एकटीच न्हाई, गिताबाईला ठावं हाय, तात्याबाला ठावं हाय, समद्यांना ठावं हाय की तुमच्यासंगं गेलं की माल मागचा मिळतो.

"तुमच्या आधी मी एकटी गेले व्हते मिक्सर बघायला," ती म्हणली. "हात लावू दिला न्हाई त्यानं. 'काय पाहिजे गं, पैसे आणलेत का' म्हणला, समद्यांच्या देखत. तुमच्यासंगं गेले तर म्हणला, या साखरबाई. माल खराब तर खराब, आप्पा. माणसासारखं बोलायचा तरी."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. म्हंजी वस्ती मला माल ओळखायला नेतच न्हवती. मी उचलत व्हतो, ठोकत व्हतो, वास घेत व्हतो, आन् सगळी मागं उभी राहून वाट बघत व्हती की म्हाताऱ्याचं एकदा उरकू दे. माझ्या हुशारीसाठी कुणी मला कवाच नेलं न्हाई. आन् गौतमीला तेवढ्यासाठीबी माझी गरज लागली न्हाई. वही उघडली आन् शेठला तोंड वर करायला लावलं तिनं. मला तिचा अभिमान वाटला आन् त्याच घडीला इतका राग आला की मी साखरबाईच्या अंगणातल्या कोंबडीला चप्पल फेकून मारली. लागली न्हाई.

साखरबाईनं चहा केला. पिववेना, पण प्यायलो. मग परत चाळणी हातात घेत ती म्हणली, पोराला नोकरी लागलीय, फ्रीज घ्यायचा इचार हाय, गौतमीला सांगा नेटवर बघून ठेवायला. रविवारी तिलाच घेऊन जाते म्हणली.

मी कप खाली ठेवला. इचारणार न्हवतो, पण तोंडातनं गेलंच.

"मी येऊ का संगं?"

तिनं चाळणी खाली ठेवली आन् माझ्याकडं नीट बघितलं. इचार केला तिनं, खरंच केला.

"या की," ती म्हणली. "टेम्पोत मागं बसून फ्रीज धरायला कुणीतरी लागंलच."

रविवारी मी सदरा बदलला आन् गेलो. त्या दोघी दुकानात गेल्या, मी बाहेर टेम्पोवाल्याशी गप्पा मारत बसलो. येताना बाजारपेठेतनं लायनीपर्यंत रस्ता उखडलेला व्हता. मी फ्रीज दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला व्हता, एक ओरखडा उठू दिला न्हाई.